पूर्वजन्मींची पुंजी

गेल्या वैशाखांत माझा नातू महाडहून पोलादपुरास आमच्याकडे महिनाभर राहावयास आला होता. दुपारचीं जेवणें आटोपलीं कीं तो ओटीवर वही घेऊन बसे आणि तींत कांहीं आंकडे मांडी. दोन वर्षें अभियांत्रिकीचा अभ्यास करून तो शिक्षणक्रम त्यानें नुकताच सोडला होता, आणि घरांत त्या गोष्टीचें दुःख अद्यापि ताजें होतें. पुढील शिक्षणाची आखणी चालली असावी, अशा समजुतीनें मीं एके दिवशीं विचारलें, "काय मांडतो आहेस रे?" तो मान वर न करतां म्हणाला, "आजोबा, तिसऱ्या जन्माची आखणी करतों आहें."

संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला असें उत्तर ऐकून स्वस्थ बसवेल काय? मीं चष्मा लावला आणि त्याच्याजवळ जाऊन बसलों.

तो संगणकावर जो खेळ खेळतो, त्याचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन'. कागद, पेन्सिल व फांसे घेऊन मंडळींनीं एकत्र बसून खेळावयाचा मूळ खेळ अमेरिकेंत १९७४ सालीं निघाला. त्याचेंच हें संगणकावरील रूप २००६ सालचें. खेळणारानें एक पात्र निर्माण करावयाचें. तें योद्धा असेल, मांत्रिक असेल, अथवा कुलुपें उघडणारा चोर असेल. शक्ति, चपलता, सहनशक्ति, बुद्धि, विवेक आणि प्रभाव असे सहा गुण प्रत्येकास असतात. सामान्य मनुष्यपात्राचा प्रत्येक गुण आठापासून सुरू होतो, आणि ते वाढविण्यासाठीं नवख्या खेळणारास २८ अंकांचें भांडवल मिळतें. चौदापर्यंत प्रत्येक पायरीस एक अंक लागतो, पंधरा व सोळा या पायऱ्यांस दोन दोन, आणि सतरा व अठरा यांस तीन तीन. मीं मनांत हिशेब केला. एकच गुण आठावरून अठरावर न्यावयाचा तर १६ अंक खर्च होतात, आणि उरलेल्या पांचही गुणांस मिळून १२ च राहतात. म्हणजे जो सर्व भांडवल बुद्धीवर लावील, त्याच्या अंगीं बळ राहणार नाहीं. या वांटणीच्या आखणीलाच खेळणारे 'बिल्ड' म्हणतात.

पुनर्जन्माचा प्रकार याहून मौजेचा आहे. पात्र विसाव्या पातळीस पोंचलें कीं त्याला नवा जन्म घेतां येतो. तसें केल्यास मिळविलेल्या सर्व पातळ्या जातात आणि पहिलीपासून पुन्हां आरंभ करावा लागतो. परंतु दुसऱ्या जन्मीं २८ ऐवजीं ३४ अंक मिळतात, तिसऱ्या जन्मीं ३६, आणि तेथें ती वाढ थांबते. शिवाय ज्या वर्गांत मागील जन्म काढला, त्याचा एखादा लहानसा गुण कायमचा अंगीं राहतो. रानटी योद्ध्याचा जन्म काढलेला पुढें मांत्रिक झाला, तरी त्याची प्राणशक्ति थोडी अधिक असते. एका वर्गाचें असें फळ तीन वेळांपर्यंत सांठवितां येतें. याची किंमतही आहेच: विसावी पातळी गांठण्यास पहिल्या जन्मीं जेवढा अनुभव लागला, त्याच्या दीडपट दुसऱ्या जन्मीं लागतो, आणि तिसऱ्यापासून दुप्पट.

आमच्या महाड तालुक्यांतच शिवथरघळ आहे. समर्थांनीं जेथें दासबोध सांगितला असें आपण मानतों, ती हीच. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या दशकाचा आरंभ जन्माच्या दुःखाचें निरूपण करून होतो. तेथून कांहीं कोसांवर बसून आमचा नातू मात्र जन्मांमागून जन्म हौसेनें मागून घेत होता! प्रथम मला याचें हंसू आलें. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर विचार करूं लागलों, तेव्हां हंसण्यासारखें त्यांत फारसें उरलें नाहीं.

जन्ममरणाचा पट आपल्याकडे नवा नाहीं. सापशिडीचें मूळ रूप जो मोक्षपट, त्याचें कर्तृत्व परंपरा ज्ञानेश्वर महाराजांकडे देते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल राहिलेले वा. ल. मंजूळ यांनीं या मराठी पटांचा अभ्यास केला आहे. उत्तरेंत याच जातीचा ज्ञानचौपड वैष्णवांत ७२ घरांचा व जैनांत ८४ घरांचा आढळतो. सद्गुणाच्या घरीं शिडी, दुर्गुणाच्या घरीं साप, आणि शेवटीं मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडांत गेला. पुढें घरांवरचीं पापपुण्याचीं नांवें गळालीं आणि मुलांची करमणूक तेवढी उरली. या पटावर खेळणाराच्या हातीं कांहीं नसतें. दान पडेल तेवढें चालावयाचें आणि सापाच्या तोंडीं गेलें कीं खालीं यावयाचें. खालीं आलेल्याला, आपण एकदां वर जाऊन आलों होतों, याचा कांहींएक उपयोग होत नाहीं.

नातवाच्या खेळांत तो उपयोग होतो. आणि याच मुद्यावर गीतेच्या सहाव्या अध्यायांत अर्जुनानें प्रश्न केलेला आहे. श्रद्धेनें साधनेस लागलेला पण मध्येंच चळलेला मनुष्य दोन्हीकडून नष्ट होतो काय, असें तो विचारतो. भगवंतांचें उत्तर आहे कीं, त्याचा नाश होत नाहीं. तो चांगल्या घरीं जन्म घेतो, पूर्वदेहांत मिळविलेली बुद्धि त्यास पुन्हां लाभते, आणि तेथून तो पुढें यत्न करूं लागतो. हा अध्याय मीं वर्गांत व वर्गाबाहेर किती वेळां सांगितला असेल याची गणती नाहीं. परंतु ज्या दिवशीं नातवानें शिक्षण सोडल्याचें कळलें, त्या दिवशीं सर्वांदेखत माझ्या तोंडून निघालें तें एकच वाक्य: "दोन वर्षें मातींत घातलींस." तो कांहीं बोलला नाहीं, आणि त्यानंतर महिनाभर माझ्याशीं नीटसा बोललाही नव्हता.

खेळाच्या नियमांत मला न पटणाऱ्याही गोष्टी आहेत. नव्या जन्मासाठीं लागणारी वस्तू श्रमानें मिळते, तशी रोकड मोजूनही मिळते. दुसरें असें कीं, तेथें पात्राच्या पातळ्या जातात, पण त्याचीं शस्त्रें व अलंकार पेटींत जपून ठेवलेले असतात. आपला अनुभव नेमका याच्या उलट आहे. २०२१ च्या जुलैंत सावित्री व गांधारी यांचें पाणी महाडच्या घराघरांत शिरलें, तेव्हां मुलाच्या घरीं ठेवलेल्या माझ्या संस्कृतच्या टांचणांचा चिखल झाला. पेटींतलें सारें गेलें. जें मुखोद्गत होतें तेवढें राहिलें. पुढें त्यांतूनच मीं नव्या वह्या लिहून काढल्या, आणि त्या पहिल्यांपेक्षां नेटक्या झाल्या.

एका गोष्टींत मात्र हा खेळ आमच्यापेक्षां न्यायी आहे, हें कबूल केलें पाहिजे. पहिल्या जन्मीं तो कोणाही नवख्यास २८ पेक्षां कमी अंक देत नाहीं. याच महाडांत २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांना आपल्या सहस्रावधि बांधवांसह चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. ज्यांना त्या पाण्यास शिवूं दिलें जात नव्हतें, त्यांना 'हें तुमचें पूर्वकर्म' असें सांगणारे आमच्याच घरांतील होते. पूर्वजन्माचा सिद्धांत दुसऱ्याच्या दुःखाचें समर्थन करण्यास वापरला कीं तो क्रूर होतो. स्वतःच्या पुढील यत्नास धीर देण्यासाठीं वापरला, तरच तो गीतेंतला राहतो.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मीं नातवाजवळ बसलों आणि म्हटलें, "अरे, त्या दिवशीं मी बोललों तें चुकलें. वहींत एक नवें पान घे. गेल्या दोन वर्षांच्या जन्मांत तुझ्या अंगीं काय राहिलें, तें मांड." तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग त्यानें लिहिलें: गणित, यंत्रचित्रें काढण्याची संवय, संगणकाकडून काम करून घेण्याची रीत, वसतिगृहांत परक्या मुलांशीं जमवून घेणें. शेवटीं थोडें थांबून त्यानें आणखी एक ओळ लिहिली: 'आपल्याला काय नको आहे, हें कळलें.' त्यानंतर त्यानें पहिल्यानेंच आपला बेत उघड केला. त्याला भूशास्त्र शिकावयाचें आहे. महापुराच्याच दिवशीं तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं, तेव्हां तो पंधरा वर्षांचा होता. डोंगर कां सुटतो, हा प्रश्न तेव्हांपासून त्याच्या मनांत आहे. मोठ्या माणसांपैकीं कोणीं तो विचारून घेतला नव्हता, मींही नाहीं.

मीं त्याला एवढेंच बजावलें कीं, आखणींतच जन्म जावयास नको. त्याच्या खेळांतही वही भरून कोणी पातळी चढत नाहीं. पात्रास अरण्यांत उतरावेंच लागतें. शिवाय दुसऱ्या जन्मास दीडपट श्रम पडतात, हें त्याचाच खेळ सांगतो. तो हंसून म्हणाला, "ठाऊक आहे, आजोबा."

मुलगा व सूनबाई यांची समजूत अजून पुरती पटलेली नाहीं. वय वाढतें, पैसा खर्च होतो, सोबतचीं मुलें पुढें जातात, हे त्यांचे मुद्दे खोटे नाहींत, आणि मीही ते खोटे म्हणत नाहीं. तें वहीचें पान मात्र मीं त्यांच्यापुढें ठेवलें आहे. ज्या घरीं एखादा मुलगा वा मुलगी असा मध्येंच मार्ग बदलून परत आली असेल, तेथील वडील मंडळींनीं रागें भरण्यापूर्वीं असें एक पान लिहवून घ्यावें. गेलेलीं वर्षें परत येत नाहींत. पण त्यांतलें अंगीं काय उरलें, हें एकदां कागदावर दिसलें म्हणजे 'मातींत घातलींस' असे शब्द तोंडून सहसा निघत नाहींत. माझ्या तोंडून ते निघाले, म्हणून हें लिहिलें.