पोलादाचा भाव की जमिनीचा?

सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये शेअरची चर्चा आता नवलाची राहिलेली नाही. पण एखाद्या पोलाद कंपनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘ती काय बनवते?’ हा नसतो. ‘तिच्याकडे जमीन किती?’ हा असतो. उद्यमशील म्हणवणाऱ्या समाजाला ही दृष्टी शोभते काय?

कळव्याच्या मुकंदचेच उदाहरण घ्या. 1937 साली स्थापन झालेल्या या कंपनीची धुरा आणीबाणीत कारावास सोसलेल्या आणि पुढे पश्चिम बंगालचे राज्यपाल झालेल्या वीरेन शाह यांनी वाहिली. पोलादाच्या सळ्या, बार आणि तारा ही तिची ओळख. 2022 साली कंपनीने कळव्यालगतच्या दिघे येथील सुमारे 47 एकर जमीन सुमारे 806 कोटी रुपयांना विकण्याचा व्यवहार केला. म्हणजे एकरी 17 कोटी! त्याआधी 2019 मध्ये ठाण्यातच रेमंडने 20 एकर जमीन 700 कोटींना विकण्याचे ठरविले होते. कर्ज हलके करण्यासाठी जमीन विकणे हा गुन्हा नव्हे. व्याजाखाली कारखाना मरण्यापेक्षा ते बरेच. आमचा आक्षेप विक्रीला नाही, त्यावरून शेअरचे मोल ठरविणाऱ्या बुद्धीला आहे.

हिशेब साधा आहे. जुन्या कंपनीच्या ताळेबंदात जमीन बहुधा खरेदीच्या जुन्या किमतीला मांडलेली असते. ती विकली की सारा फरक एकाच वर्षाच्या नफ्यात दिसतो. प्रतिशेअर मिळकत फुगते, किंमत-मिळकत गुणोत्तर एकाएकी खाली येते आणि शेअर ‘स्वस्त’ भासतो. पुढच्या वर्षी ती जमीन नसते आणि तो नफाही नसतो. उरतो तो भंगार, वीज आणि कोळशाच्या दरांशी झगडणारा धंदा. त्याचे खरे मोल टनामागे किती पैसे सुटतात आणि कर्ज किती उरले, यावरच ठरते.

आंबिवलीजवळची मोहन्याची एनआरसी 2009 मध्ये बंद पडली. तिच्या जमिनीला भाव होता. हजारो कामगारांच्या हातांना मात्र काम उरले नाही.

बियाणे विकून आलेल्या पैशाला शेतकरी कधी पीक म्हणत नाही. आयुष्याची पुंजी गुंतविणाऱ्या मध्यमवर्गाने तरी ते का म्हणावे? शेअर घेण्यापूर्वी वार्षिक अहवाल उघडावा आणि जमीनविक्रीचा एकवेळचा नफा वगळून उरलेला आकडा पाहावा. अन्यथा उद्या आपली मुले त्या जमिनीवरच्या टोलेजंग इमारतीत राहतील खरी. पण सकाळी डबा घेऊन कोणत्या कारखान्याच्या फाटकाशी जातील?