फॅसिझम : शब्द कामगाराचा, गळाही कामगाराचाच!



मनाविरुद्ध काही झाले की समोरच्याला ‘फॅसिस्ट’ म्हणून मोकळे व्हायची खोड लागली आहे. जॉबरने खाडा मांडला, फॅसिस्ट! अशाने खरा लांडगा आला की ओळखू येत नाही. तेव्हा त्याची कुंडलीच मांडू या.

इटलीत ‘फाशो’ म्हणजे मोळी. जुन्या रोममध्ये अधिकाऱ्यापुढे काठ्यांची मोळी, तीत कुऱ्हाड खोचून मिरवीत. पण १८९१ पासून सिसिलीतल्या शेतमजुरांनी, खाणकामगारांनी आपल्या संघटनांना हेच नाव दिले. एकटी काठी मोडते, मोळी मोडत नाही! १८९४ साली सरकारने लष्कर घालून त्या चिरडल्या. शब्द उरला. तो २३ मार्च १९१९ रोजी मिलानमध्ये मुसोलिनीने उचलला. हा गडी पूर्वी समाजवाद्यांच्या ‘अवांती’चा संपादक, म्हणजे अस्सल घरभेदी.

१९२० च्या सप्टेंबरात मिलान-तुरीनच्या कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले. मालकांच्या पोटात गोळा आला. पो नदीच्या खोऱ्यात शेतमजुरांनी युनियन करून मजुरी वाढवून घेतली होती; तिथल्या जमीनदारांनी थैल्या सोडल्या, काळ्या सदऱ्यांच्या टोळ्यांनी युनियनच्या कचेऱ्या जाळल्या, पोलीस पाठ फिरवून उभे! केनवडकडच्या शेतमजुराला हे समजावून सांगायला नको. १९२२ च्या ऑक्टोबरात राजानेच मुसोलिनीला बोलावले. ‘रोमवर चाल’ म्हणतात, पण स्वारी मिलानहून आगगाडीने आली. १९२४ साली खासदार मात्तेओत्ती निवडणुकीतल्या दांडगाईवर बोलला, त्याचा खून पाडला. १९२६ साली संप हा गुन्हा ठरला, मान्यता फक्त सरकारी युनियनला. १९२७ साली मजुरीला कात्री. राष्ट्र एक, मग मालक-मजूर भांडण कशाला? भांडण बंद झाले, पण एकाच बाजूचे!

पोर्तुगालच्या सालाझारने १९३३ साली हाच कित्ता गिरवला, संपबंदीसकट. त्याच्याच राज्यात आपला गोवा! तिथे लग्नाची पत्रिका छापायची तरी सेन्सॉरची परवानगी लागे. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. १९ डिसेंबर १९६१ ला ते राज्य गेले.

मुंबईतही १९३८ साली संपावर बंधने घालणारा काळा कायदा आला. वाईटच होता, पण त्याला फॅसिझम म्हणणार नाही. ७ नोव्हेंबरला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लालबावटेवाले एकत्र आले, एक दिवसाचा संप झाला, कामगार मैदानावर सभा झाली. मिलानमध्ये त्या साली असा संप पुकारायला स्वतंत्र युनियनच उरली नव्हती. तुरीन-मिलानची यंत्रे कामगारांनी थांबवली ती १९४३ च्या मार्चमध्ये, बॉम्ब आणि उपासमार सोसून. २५ जुलैला मुसोलिनी गादीवरून उतरला.