यंत्र म्हटले की आवाज आलाच?

माधवनगरात आम्ही यंत्रमागांच्या खडखडाटातच लहानाचे मोठे झालो. तीस वर्षे मागावर उभे राहिलेल्या माझ्या वडिलांना आता साधी हाक ऐकू येत नाही. "यंत्र म्हटलं की आवाज आलाच," असे ते म्हणतात. मला हे पटत नाही.

शेजारच्या कवलापूरला विमानतळ व्हावा, ही मागणी जुनीच आहे. लहान विमानतळांवर बहुधा पंख्यांची विमाने येतात. पंख्याचा आवाज मुख्यतः पात्यांच्या टोकांच्या वेगामुळे वाढतो. पात्यांची संख्या वाढवून पंखा सावकाश फिरवला, टोके मागे वळवली, तर जोर तेवढाच ठेवून आवाज घटवता येतो. एटीआर ७२ विमानाच्या पंख्याला आधी चार पाती होती. पुढच्या ७२-५०० ला सहा आली.

हे आपोआप घडत नाही. विमानतळांशेजारच्या लोकांनी तक्रारी केल्या; अमेरिकेने १९६९ साली विमानांच्या आवाजाचे नियम केले. मागावरच्या कामगारासाठी एवढा आग्रह कोणी धरला?

मी कलाशाखेचा विद्यार्थी. पाती घडवणे मला जमणार नाही. पण "आवाज कमी करा" असे म्हणता येते. विमान येईल तेव्हा येईल, मित्रांनो, सुरुवात आपल्या मागांपासून करू या.