नकाशावरचे नाव कोण लिहिते?

युरोपात सध्या एक विचार बळावत आहे. रोजचा शोध आणि रोजचा रस्ता या दोन्हींसाठी मूठभर अमेरिकी कंपन्यांवर विसंबून राहणे धोक्याचे आहे, म्हणून आपल्या खंडातली साधने वापरावीत, असा तो विचार. पॅरिसचे क्वांट, बर्लिनचे इकोसिया, ब्रिटनचे मोजीक ही शोधयंत्रे आणि ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले नकाशे यांची नावे त्यासाठी पुढे केली जातात. आपल्याकडील काही सुशिक्षित मंडळीही हाच सल्ला जसाच्या तसा देऊ लागली आहेत. माझे म्हणणे असे की, सीमाभागातील मराठी माणसाला हा सल्ला शोधयंत्राच्या बाबतीत जेमतेम अर्धा लागू पडतो. नकाशाच्या बाबतीत मात्र तो पूर्ण लागू पडतो, आणि त्याचे कारण युरोपियनांहून आपल्याला अधिक निकडीचे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका आदेशाने मेक्सिकोच्या आखाताचे नाव ‘अमेरिकेचे आखात’ असे केले. फेब्रुवारीत गुगलच्या नकाशाने ते स्वीकारले. अमेरिकेत बसलेल्याला नवे नाव, मेक्सिकोत बसलेल्याला जुने, आणि उरलेल्या जगाला कंसासह दोन्ही! मेक्सिको सरकार न्यायालयात गेले. कंपनीचा खुलासा सरळ होता: सरकारी दप्तरात नाव बदलले की आम्ही बदलतो. एका सार्वभौम राष्ट्राचा आक्षेप जिथे चालला नाही, तिथे बेळगाव तालुक्यातील एखाद्या ग्रामस्थाचा अर्ज कोणत्या टेबलावर वाचला जाईल?

१ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘बेळगाव’चे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. त्या निर्णयाच्या युक्तायुक्ततेचा वाद येथे मांडत नाही. तो आपण साठ-पासष्ट वर्षे अन्यत्र मांडतच आहोत आणि २००४ पासून सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयातही आहे. त्याच वर्षी जुलैत येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक प्रशासनाने हटवला आणि गावाने लाठ्या खाल्ल्या, हेही वाचकांना नव्याने सांगायला नको. मुद्दा एवढाच की, जो नकाशा केवळ सरकारी दप्तराकडे पाहून नाव लिहितो, त्याच्या लेखी भाषिक अल्पसंख्याकांची नावे ही नावेच नव्हेत. फार तर ती शोधताना झालेली चूक ठरतात, आणि यंत्र विचारते, ‘तुम्हाला अमुक म्हणायचे आहे का?’ नाही, आम्हाला अमुक म्हणायचे नसते. बेळगावच म्हणायचे असते.

यावर कोणी म्हणेल, गुगलचा नकाशा मराठीतही दिसतो की! दिसतो. पण ते मराठी येते कोठून, हे पाहायला हवे. जानेवारी २०२१ मध्ये त्या कंपनीने मराठीसह दहा भारतीय भाषांत स्थळांची नावे आपोआप लिप्यंतरित करून दाखवण्याची घोषणा केली. म्हणजे रोमन लिपीत नोंदलेले नाव यंत्राने वाचायचे आणि देवनागरीत उतरवायचे. आता रोमन लिपीची गत काय? तिच्याजवळ ळ नाही. ण आणि न यांना एकच अक्षर, ट आणि त यांनाही एकच. येळ्ळूरमधला जोडाक्षरी ळ, बेळगुंदीतला ळ, निपाणीतला ण हे रोमनच्या उंबऱ्यावर गळून पडतात; परतीच्या वाटेवर यंत्राला ते अंदाजाने उचलावे लागतात. जमले तर जमले. उत्तरेकडील वृत्तपत्रे वर्षानुवर्षे ‘बेलगाम’ छापत आली, ती याच गळतीची साक्ष आहे. आणि हा ळ काही एकट्या मराठीचा नव्हे. कन्नडमध्येही बेळगावीत ळ आहे, येळ्ळूरच्या कन्नड नावातही आहे. ज्या अक्षरावर आपले शेजाऱ्यांशी एकमत आहे, नेमके तेच तिसऱ्याच्या लिपीत हरवावे, यातला विनोद दोन्ही बाजूंच्या चळवळ्यांच्या अजून लक्षात आलेला दिसत नाही.

ओपनस्ट्रीटमॅपची रचना मुळातच वेगळी आहे. हा प्रकल्प २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झाला. त्याचा नकाशा स्वयंसेवक लिहितात आणि त्यामागील माहिती कोणालाही खुली असते. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ती नव्हे. तेथे प्रत्येक स्थळाला मुख्य नावाखेरीज प्रत्येक भाषेतील नावासाठी स्वतंत्र चौकट असते. मराठीची वेगळी, कन्नडची वेगळी, कोकणीची वेगळी. जुने नाव, पर्यायी नाव यांनाही जागा असते. कोणी काय बदलले याचा इतिहास राहतो, त्यामुळे कोणी खोडसाळपणे नाव पुसले तरी ते परत आणता येते. वेशीवरच्या फलकाला ही सोय कधीच नव्हती.

युरोपातील भाषिक अल्पसंख्याकांनी या सोयीचे काय केले, ते पाहावे. इटलीच्या दक्षिण टायरॉल प्रांतात जर्मन भाषकांची वस्ती आहे. १९२३ मध्ये फॅसिस्ट राजवटीने तेथील गावांवर इटालियन नावे लादली. १९४६ च्या करारानंतर जर्मन नावांना पुन्हा मान्यता मिळाली. आज ओपनस्ट्रीटमॅपवर त्या प्रांताची राजधानी ‘बोल्झानो – बोझेन’ अशी दोन्ही नावांनी उभी आहे. ब्रुसेल्सही फ्रेंच आणि डच अशा दोन्ही रूपांत लिहिलेले दिसते. वेल्समधील कार्यकर्त्यांनी तर याच माहितीवर संपूर्ण वेल्श नावांचा नकाशा उभा केला. त्यासाठी त्यांना कोणत्याही कंपनीची परवानगी मागावी लागली नाही.

आता आपल्यातल्या उत्साही तरुणांना एक कठोर गोष्ट सांगतो. या नकाशावर जाऊन कन्नड नाव पुसून तेथे मराठी नाव ठोकू नका. मुख्य नाव स्थानिक वापरावर आणि प्रत्यक्ष जागेवरच्या पाट्यांवर ठरते, हा तेथील नियम आहे. तो मोडला की खोडाखोडीची झुंज लागते आणि तुमचे खाते बंद होते. जो अन्याय आपल्यावर झाला म्हणून आपण ओरडतो, तोच दुसऱ्यावर करण्यात कसला पुरुषार्थ? मराठीची चौकट आपली आहे, ती भरा. गावाचे नाव, वाडीचे नाव, तळे, देऊळ, मराठी शाळा, माळाचे आणि ओढ्याचे नाव. ही शेवटची दोन तर सरकारी दप्तरात कोणत्याच भाषेत सापडायची नाहीत. ती गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडेच आहेत. मात्र गुगलच्या वा अन्य मालकी हक्काच्या नकाशावरून नक्कल करू नका, त्याला तेथे सक्त मनाई आहे. आणखी एक सावधगिरी बाळगावी. हा नकाशा देशांच्या सीमा प्रत्यक्ष ताब्यानुसार दाखवतो. त्यामुळे भारताचा संपूर्ण नकाशा त्यावरून उचलून पत्रिकेत छापाल, तर १९६१ च्या कायद्याची कटकट मागे लागेल. तालुक्याच्या नकाशाला ती अडचण नाही.

त्याच्या उणिवाही आहेत. वाहतुकीची कोंडी, दुकानांच्या वेळा, घरांचे क्रमांक या बाबतीत गुगल पुढे आहे. ज्याला रात्री औषधाचे दुकान शोधायचे आहे, त्याने ते बेलाशक गुगलवर शोधावे. भारतीय कंपन्यांचेही नकाशे आहेत, आणि ‘स्वदेशी का नको’ असे विचारणारे भेटतात. नको असे नाही. पण आपला प्रश्न मालकाच्या देशाचा नसून नाव लिहिण्याच्या हक्काचा आहे.

राहता राहिली शोधयंत्रे. क्वांट आणि इकोसिया यांची पाटी युरोपीय असली, तरी विहीर बरीच वर्षे मायक्रोसॉफ्टच्या बिंगची होती. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने बाहेरच्यांना बिंगचे निकाल पुरवणारी जुनी सेवा बंद केली. त्याआधीच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, या दोघांनी मिळून स्वतःची विहीर खणण्याची घोषणा केली होती. सुरुवात फ्रेंच आणि जर्मन भाषांपासून. योग्यच आहे, त्यांच्या भाषा त्या आहेत. त्या रांगेत मराठीचा क्रमांक कधी लागेल, हे सांगायला ज्योतिषी नको. मोजीकची स्वतःची विहीर आहे, पण तीही मराठीसाठी खणलेली नाही. माणसाची पाळत ठेवणे टाळायचे म्हणून ही यंत्रे वापरावीत, अवश्य वापरावीत. मराठीचे भले होईल म्हणून नव्हे.

मराठीचे भले कशाने होईल, हे पाहायचे तर चेक लोकांकडे पाहावे. १९९६ मध्ये प्रागमध्ये सेझनाम हे शोधयंत्र निघाले आणि पुढे अनेक वर्षे स्वतःच्या देशात ते गुगलच्या पुढे राहिले. त्याच्या यशाची कारणे अनेक असतील. भाषाभ्यासकाला दिसणारे कारण असे की चेक भाषा विभक्तिप्रधान आहे. त्यांची राजधानी ‘प्राहा’, पण ‘प्रागमध्ये’ म्हणायचे तर ‘प्राझे’. शब्दाच्या पोटातले व्यंजनच बदलते. हे ओळखणारे यंत्र घरच्यांनी बांधले. आपल्याकडे खानापूर हे ‘खानापुरात’ होते, दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. इंदूरची हिंदीत ‘इंदौर’, बडोद्याची गुजरातीत ‘वडोदरा’ अशी वेगळी रूपे आहेत; मराठीत मात्र ‘बडोदे’चे लगेच ‘बडोद्यात’ होते. सामान्यरूप न कळणाऱ्या यंत्राला ही सारी भिन्न गावे वाटतात. चेक प्रजासत्ताकाची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख. एक कोटींनी स्वतःचे शोधयंत्र बांधले, स्वतःचा ‘मापी’ हा नकाशाही बांधला, आणि देशाबाहेरच्या भागासाठी त्यांनी त्यात ओपनस्ट्रीटमॅपचीच माहिती घेतली. आठ कोटींची भाषा मात्र अजून सरकारी अनुदानाच्या फायलीकडे डोळे लावून बसली आहे.

शोधयंत्र बांधणे हे एका जिल्ह्याचे काम नाही. विद्यापीठांचे आणि पैसेवाल्यांचे आहे. नकाशा भरणे मात्र एका मंडळाच्या आवाक्यातले आहे. ग्वाल्हेरच्या किंवा हैदराबादच्या मराठी मंडळाने आपल्या संस्था, वाचनालये, वाडे यांची नावे भरावीत. गोव्यातल्यांनी मराठी आणि कोकणी दोन्ही चौकटी भराव्यात, भांडण न करता. भालकी, निपाणी, कारवार, खानापूर येथील शिक्षकांनी मुलांकडून शिवारांची नावे गोळा करवावीत. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड मोबाईलवर घेतले, तर नकाशा इंटरनेटशिवायही चालतो, आणि ज्या भाषेतील चौकट भरलेली असेल त्या भाषेत नावे दाखवण्याची सोय त्यांत आहे. आपले गाव उघडून पाहा. मराठी नावाची चौकट रिकामी दिसली, तर ती कोणा सरकारने रिकामी ठेवलेली नाही.