रस्ता संपतो तिथून पुढे

फिलिपिन्समधल्या मिंडोरो बेटाच्या डोंगरात माणूस आजारी पडला की त्याला झोळीत घालतात, झोळी बांबूला बांधतात आणि वस्तीतले पुरुष खांदे बदलत दवाखान्याकडे चालू लागतात. वाट कित्येक तासांची, चढउतारांची. पाऊस असला तर निसरडी. जीएमए वाहिनीच्या ‘आय-विटनेस’ या मालिकेसाठी पत्रकार कारा डेव्हिड यांनी या वाटेवर एक माहितीपट केला, ‘आम्बुलान्सियांग दे पा’. पायी चालणारी रुग्णवाहिका. त्याला पीबॉडी पुरस्कार मिळाला. प्रसारमाध्यमांच्या जगात या अमेरिकी पुरस्काराचा मान फार मोठा आहे. इंग्रजी वाहिन्यांच्या पंक्तीत टागालोग भाषेतल्या एका मालिकेने ही जागा मिळवली.

या सदरात आपण मराठी वाहिन्यांबद्दल नेहमी बोलतो. आज परदेशातल्या या मालिकेबद्दल लिहावेसे वाटते, कारण मराठी दूरचित्रवाणीत जे अशक्य मानले जाते, ते ती १९९९ पासून करत आली आहे. अर्ध्या तासाच्या आसपासचा माहितीपट, लोकांच्या भाषेत, ठरलेल्या रात्री आणि तोही खासगी, जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीवर. ‘आपला प्रेक्षक असले बघत नाही’ हे आपल्याकडचे ठरलेले उत्तर मनिलामधल्या एका वाहिनीने पाव शतकाहून अधिक काळ खोटे पाडले आहे.

हे एका रात्रीत झाले नाही. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा वृत्तपत्रे आणि वाहिन्या बंद पाडल्या गेल्या. १९८६ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, मार्कोस देश सोडून गेले आणि पत्रकारितेला पुन्हा श्वास घेता आला. चेचे लाझारो यांच्या ‘द प्रोब टीम’ने शोधपत्रकारिता छोट्या पडद्यावर रुजवली. त्याच सुमारास बातम्यांची भाषाही बदलली. इंग्रजी बातमीपत्रांचा दबदबा होता तिथे १९८७ मध्ये एबीएस-सीबीएन वाहिनीचे ‘टीव्ही पॅट्रोल’ लोकांच्या भाषेत सुरू झाले आणि घराघरांत पोहोचले. ‘आय-विटनेस’ या मशागतीवर उभी राहिली.

मालिकेची रचना साधी आहे. प्रत्येक माहितीपट एका पत्रकाराच्या नावाने येतो. हावी सेव्हेरिनो, सँड्रा आगिनाल्डो, जे तारुक, कारा डेव्हिड ही नावे प्रेक्षकांच्या ओळखीची झाली. विषय तो पत्रकार निवडतो, तिथे तो स्वतः जातो, निवेदन त्याच्याच आवाजात असते. त्यामुळे चुकले तर जबाबदारी कोणाची, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. कारा डेव्हिड या समाजशास्त्रज्ञ रँडी डेव्हिड यांच्या कन्या. फिलिपिन्स विद्यापीठात त्या पत्रकारिता शिकवतात. माणसे जे कष्ट करतात ते त्यांच्यासोबत करून पाहायचे, त्यांच्या वाटेने चालायचे आणि मग प्रश्न विचारायचे, ही त्यांची पद्धत. दमलेल्या माणसाला दमलेल्या पत्रकाराने विचारलेला प्रश्न वेगळा असतो. त्यात आव राहत नाही.

हावी सेव्हेरिनो यांनी २०२० मध्ये ही पद्धत अगदी टोकाला नेली. कोविड होऊन ते रुग्णालयात दाखल झाले. बरे होताना, हातात येईल त्या साधनाने, त्यांनी चित्रण केले आणि परिचारिकांशी, कर्मचाऱ्यांशी बोलून ‘आको सी पेशंट २८२८’ हा माहितीपट उभा केला. रुग्णाचा क्रमांक हेच त्याचे नाव. आकडे रोज ऐकून बधिर झालेल्या देशाला त्या आकड्यांपैकी एक जण स्वतः बोलताना दिसला. त्याच वर्षी मे महिन्यात एबीएस-सीबीएनचा परवाना संपून ती वाहिनी प्रक्षेपणावरून गेली आणि जुलैमध्ये संसदीय समितीने नूतनीकरण नाकारले. अशा दिवसांत पत्रकाराने सामान्य माणसाच्या बाजूला, अक्षरशः शेजारच्या खाटेवर असणे, याचे मोल मोठे होते.

आता कठीण प्रश्नाकडे येऊ. गरिबी दाखवून पुरस्कार मिळवणे हे गरिबांचे शोषण नाही का? फिलिपिन्समध्ये हा वाद जुना आहे आणि तो व्हायलाच हवा. १९९९ सालचा पीबॉडी जीएमएला मिळाला, त्यात ‘किडनीज फॉर सेल’ हा किडनी विकणाऱ्या माणसांवरचा वृत्तांत होता. २०१२ साली ‘रील टाइम’ या भावंड मालिकेच्या ‘सालात’लाही तोच सन्मान मिळाला. सन्मान वाहिनीला मिळतो, टंचाई गरिबाच्या घरातच राहते, हे खरे आहे. कारा डेव्हिड यांनी याला स्वतःपुरते एक उत्तर दिले. २००२ मध्ये ‘प्रोजेक्ट मालासाकित’ ही संस्था काढून त्यांनी गरीब मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी पत्रकाराची खरी परतफेड माझ्या मते निराळी आहे. ही अवस्था का आली, हे सांगणे ही ती परतफेड.

मिंडोरोची झोळीच घ्या. १९९१ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने फिलिपिन्समध्ये आरोग्यसेवा प्रांत आणि नगरपालिकांकडे सोपवली गेली. हेतू चांगला होता. पण ज्या नगरपालिकेची तिजोरीच रिकामी, तिच्या डोंगरात डॉक्टर जाणार कुठून? शिवाय मिंडोरोचा हा मुलुख मांग्यान आदिवासींचा आहे. मांग्यान म्हणजे एक जमात नव्हे, आठ निरनिराळे समूह. त्यांची भाषा टागालोग नाही. राजधानीची भाषा बोलणारा पत्रकार त्यांच्याकडे पाहुणाच असतो. २०१९ मध्ये सार्वत्रिक आरोग्यसेवेचा कायदा झाला, तरी कायद्याच्या कागदाने डोंगरात वाट होत नाही. झोळीचे चित्र पाहून डोळे भरून येतात ते क्षणभर. तिजोरी, कायदा आणि वाट यांचा धागा हाती लागला, तर माणूस पुढच्या निवडणुकीत प्रश्न विचारतो.

हे लिहिताना डोळ्यांपुढे आपला महाराष्ट्र येणारच. पालघरच्या मोखाडा-जव्हारमध्ये गरोदर बाईला डोलीतून नेल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. नंदुरबारमध्ये धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बांबूला झोळी बांधून रुग्ण नेतात. त्याला ‘बांबूलन्स’ असा शब्दही वृत्तपत्रांत रूढ झाला आहे. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते, पण ती रस्ता संपतो तिथे थांबते. पाड्यावरच्या माणसाची परीक्षा तिथून पुढे सुरू होते. म्हणजे मिंडोरोतला विषय जसाच्या तसा आपल्याकडे आहे. तो दोन मिनिटांच्या बातमीत येतो, पडद्यावर लाल पट्टी फिरते आणि संध्याकाळी चर्चेत चार प्रवक्ते एकमेकांवर ओरडतात. पाड्यावरच्या बाईला बोलायला वेळ मिळत नाही. मिळाला तरी तिच्या पावरी किंवा माडिया भाषेतले बोलणे कापून वर निवेदकाचे मराठी चढवले जाते.

आपल्याकडे परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. १९४८ मध्ये स्थापन झालेला फिल्म्स डिव्हिजन मुंबईतच होता आणि माहितीपटांचा मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून भरतो. आनंद पटवर्धनांसारखा माहितीपटकार याच शहरात घडला. पी. साईनाथ यांचे ग्रामीण वार्तांकन ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने मराठीत आले आणि एका पिढीने वाचले. हुशार, तळमळीचे वार्ताहर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांना मिळत नाहीत ते दिवस आणि मिनिटे.

म्हणून मराठी वाहिन्यांच्या संपादकांकडे माझी थेट मागणी आहे. महिन्यातून एक रात्र द्या. एका वार्ताहराला एका पाड्यावर आठ-दहा दिवस राहू द्या. माहितीपटावर त्याचे नाव असू द्या. माणसे ज्या भाषेत बोलतील ती ऐकू येऊ द्या, खाली मराठी अक्षरे द्या. वर्षाने त्याच पाड्यावर परत जा आणि काय बदलले, काय नाही, ते दाखवा. पहिले काही महिने जाहिराती येणार नाहीत, हे धरून चला. ‘आय-विटनेस’लाही वर्षानुवर्षे रात्री उशिराचीच वेळ मिळाली. आज तिचे जुने भाग यूट्यूबवर लाखो लोक पाहतात. सिरियल संपली की विसरली जाते. असे काम वीस वर्षांनीही पुन्हा शोधून पाहिले जाते.

प्रेक्षक म्हणून आपलेही एक कर्तव्य आहे. असा कार्यक्रम लागला तर तो पाहायचा, वाहिनीला कळवायचे, चार जणांना पाहायला सांगायचे. झोळी खांद्यावर घेऊन चालणाऱ्या माणसांसाठी एवढे करणे आपल्याला कठीण नाही.