अर्धा प्रोजेक्टर

जुन्या थिएटरातला कार्बन आर्क प्रोजेक्टर आता शोभेची वस्तू झाला आहे. रंगरंगोटी करून तो दर्शनी भागात मांडतात, लोक त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. चांगलेच आहे. पण त्याला वीज पुरवणारी पेटी कुठे गेली, असे विचारले की बहुधा उत्तर येते, भंगारात. माझे म्हणणे असे की, यात अर्धेच यंत्र जपले जाते.

हा दिवा कसा पेटायचा बघा. कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींना टेकवायच्या आणि लगेच थोड्या दूर करायच्या. मधल्या फटीत विजेचा झोत टिकून राहतो आणि कांड्यांची टोके पांढरीशुभ्र तापतात. हम्फ्री डेव्हीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनला हा उजेड दाखवला तो 2000 घटांच्या बॅटरीवर. एवढी बॅटरी रस्त्यात कोण मांडणार? 1878 साली पॅरिसचा ऑपेरा मार्ग याब्लोच्कोव्हच्या आर्क दिव्यांनी उजळला, तेव्हा मागे वाफेच्या इंजिनांवर फिरणारी ग्रामची जनित्रे होती.

सिनेमाची गरज निराळी. आपली नेहमीची वीज 230 व्होल्टची आणि एसी; तिच्यावर पडद्यावरचा उजेड थरथरतो. दिव्याला हवी डीसी, दाब 50 व्होल्टच्या आसपास, पण प्रवाह 40-50 अँपिअर, मोठ्या थिएटरात त्याहून जास्त. हे काम रेक्टिफायरचे किंवा मोटर-जनरेटरचे. डीसीवर धन कांडीच्या टोकाला खळगा पडतो, बहुतेक उजेड तिथला. ती लवकर झिजते म्हणून जाड घेतात. ऑपरेटर काळ्या काचेतून पाहत कांड्यांतले अंतर सांभाळायचा. तंबूतल्या टूरिंग टॉकीजला तर इंजिन आणि जनरेटर गावोगाव बरोबर न्यावे लागत.

मी सरकारी कारकून. आमच्या डेडस्टॉक रजिस्टरात प्रत्येक वस्तूची ओळ वेगळी. एका ओळीपुढे 'निर्लेखित' असा शेरा पडला की ती वस्तू संपली. तिच्यावाचून दुसरी चालणार नाही, हे लिहायला रकानाच नसतो. जुन्या वस्तू जपणाऱ्यांनी तरी असे रजिस्टर ठेवू नये.

झेनॉनचे दिवे आले आणि कार्बन गेला; डिजिटल आले आणि फिल्मही गेली. गोव्यात असा प्रोजेक्टर उरला असेल तिथे रेक्टिफायर, स्विचबोर्ड आणि कांड्यांचे उरलेले तुकडेही शेजारी ठेवा. आणि त्या केबिनमध्ये घाम गाळलेले जे ऑपरेटर आज आपल्यात आहेत, त्यांचे बोलणे टिपून घ्या. नाहीतर पुढच्यांना वाटेल, बटण दाबले की सिनेमा सुरू व्हायचा.