परदेशी शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती: निवड यादीत नाव आले, तरी हातात काय यायला हवे?

जुलै २०२५ च्या सुरुवातीला केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचा, म्हणजे नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपचा, २०२५-२६ या वर्षाचा निकाल लागला. ४४० अर्जांपैकी १०६ उमेदवारांची निवड झाली. मात्र तात्पुरते मंजुरीपत्र सुरुवातीला ४० जणांनाच देण्यात आले. उरलेल्या ६६ जणांची पत्रे निधी उपलब्ध झाला तर दिली जातील, असे कळवण्यात आले. ब्रिटनमधील बहुतेक अभ्यासक्रम सप्टेंबरमध्ये सुरू होतात. त्यामुळे या ६६ जणांच्या हाती दोन महिने आणि एक अनिश्चित आश्वासन एवढेच होते.

तुम्ही किंवा तुमच्या घरातील कोणी पुढच्या फेरीसाठी अर्ज करणार असाल, तर या घटनेतून एक गोष्ट नीट समजून घ्या. निवड, मंजुरीपत्र आणि प्रत्यक्ष पैसे हे तीन वेगळे टप्पे आहेत. विद्यापीठाचे वेळापत्रक आणि सरकारी मंजुरीचे वेळापत्रक एकमेकांशी जुळेलच असे नाही. तुमची तयारी हे अंतर धरूनच हवी.

योजना थोडक्यात

ही योजना १९५४-५५ पासून सुरू आहे. सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालय ती राबवते. एकूण १२५ जागा आहेत. त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी आहेत. ३० टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची वेगळी योजना असून तिच्यात दरवर्षी २० जागा असतात.

मुख्य अटी:
• कुटुंबाचे सर्व मार्गांनी मिळणारे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे.
• वय ३५ वर्षांपेक्षा कमी असावे.
• पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण असावेत.
• क्यूएस क्रमवारीतील पहिल्या ५०० विद्यापीठांपैकी एकाचा पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडीसाठी प्रवेश मिळालेला असावा.

शिक्षण शुल्क प्रत्यक्ष आकारणीनुसार दिले जाते. निर्वाह भत्ता वेगळा असतो. गेल्या काही वर्षांच्या मार्गदर्शक सूचनांत तो ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड आणि अमेरिका व इतर देशांसाठी १५,४०० डॉलर असा आहे. अर्ज करताना चालू वर्षाच्या सूचनांतील आकडाच धरा.

अर्ज कुठे अडकतात?

२०२५-२६ मध्ये १२५ जागा असूनही निवड १०६ जणांचीच झाली. २७० अर्ज फेटाळले गेले. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी पुढील चार गोष्टी तपासा.

१. प्रवेशपत्र विनाअट आहे का? 'अंतिम गुणपत्रिका सादर केल्यास' किंवा 'इंग्रजीच्या परीक्षेत अमुक गुण मिळाल्यास' असे लिहिलेले पत्र सशर्त असते. या योजनेला अनकंडिशनल ऑफर, म्हणजे कोणतीही अट बाकी नसलेले पत्र लागते. गुणपत्रिका, शिफारसपत्रे आणि इंग्रजी परीक्षेचा निकाल हिवाळ्यातच हाती असेल अशी आखणी करा.

२. विद्यापीठाचा क्रमांक कितवा आहे? पहिल्या ५०० मध्ये असणे ही किमान अट आहे. निवड करताना वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठाला प्राधान्य मिळते. म्हणून एकाच विद्यापीठावर अवलंबून राहू नका.

३. विषय योजनेत बसतो का? २०२२ मध्ये बदललेल्या सूचनांनुसार भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले आहेत. जातव्यवस्था, दलित साहित्य किंवा गावातील मजुरी यांवर संशोधन करू इच्छिणाऱ्यांना हा बदल थेट लागतो. त्यांनी इतर शिष्यवृत्त्यांचा विचार आधीपासून करावा.

४. जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आहे का? १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्मीयांनाही अनुसूचित जातींचे लाभ मिळतात. मात्र प्रमाणपत्रावर नुसते 'नवबौद्ध' असून भागत नाही, मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख लागतो. तो नसेल तर आताच तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करा.

महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर

अनुसूचित जातींची यादी राज्यानुसार वेगळी असते. तुमचे कुटुंब महाराष्ट्रातून सुरत, इंदूर किंवा हैदराबादला स्थलांतरित झाले असेल, तर जातीचा दर्जा मूळ राज्यावरून ठरतो. वडिलांचे मूळ राज्यातील प्रमाणपत्र जपून ठेवा, त्याच्या आधारे नव्या राज्यातील अधिकारीही प्रमाणपत्र देऊ शकतात. मात्र नव्या राज्याच्या स्वतःच्या योजनांचा लाभ त्यावर मिळत नाही.

राज्यांच्या योजनांना रहिवासाची अटही असते. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती राज्यातील रहिवाशांसाठी आहे. तेलंगणात आंबेडकर ओव्हरसीज विद्या निधी आहे. कोणत्या राज्याच्या योजनेला तुम्ही पात्र आहात हे आधी ठरवा आणि केंद्राच्या योजनेसोबत तिचाही अर्ज भरा. दोन्हींचा लाभ एकाच वेळी घेता येत नाही, पण एक रखडली तर दुसरी हाती राहते.

मंजुरीपत्र लांबले तर

परदेशी विद्यापीठ आणि दूतावास, दोघेही खर्चाची सोय कशी झाली आहे याचा पुरावा मागतात. अमेरिकेच्या आय-२० पत्रासाठी किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. ब्रिटनच्या व्हिसासाठी लागणारी रक्कम बँक खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. पूर्ण खर्च उचलणाऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचे अधिकृत पत्र असेल, तर या रकमेची गरज पडत नाही. म्हणून ते पत्र इतके मोलाचे असते. निवड यादीची छापील प्रत त्याच्या जागी चालत नाही.

मंजुरीपत्र येईपर्यंत पुढील काळजी घ्या:
• नोकरीचा राजीनामा देऊ नका. विमानाचे तिकीट काढू नका.
• जमीन किंवा दागिने गहाण टाकून शुल्क भरू नका. आधी भरलेली रक्कम परत मिळेलच असे धरून चालू नका.
• शैक्षणिक कर्जाची मंजुरी घेऊन ठेवता येते, पण उचल करू नका. प्रक्रिया शुल्क किती ते बँकेला आधी विचारा.
• जामीनदार आणि करारपत्राची कागदपत्रे तयार ठेवा, म्हणजे पत्र आल्यावर तुमच्या बाजूने उशीर होणार नाही.
• विद्यापीठाला लगेच ईमेल करा. सरकारी शिष्यवृत्तीची निवड झाली असून पत्राची वाट पाहत असल्याचे कळवा. आगाऊ रक्कम भरण्याची मुदत वाढवून मागा आणि प्रवेश पुढच्या वर्षी घेता येईल का ते विचारा. होकार लेखी घ्या.

शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लंडनचे शिक्षण अशाच परवानगीमुळे पूर्ण होऊ शकले. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनहून परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास सुरू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवली होती. १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये त्यांना डीएस्सी पदवी मिळाली.

हे मागणे तुमचा हक्क आहे

निवड झालेल्या विद्यार्थ्याला पत्र कधी मिळेल हे विचारण्यात संकोच नको. प्रथम योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावरील पत्त्यावर लेखी विचारणा करा. उत्तर आले नाही तर केंद्राच्या पीजी पोर्टलवर तक्रार नोंदवा, त्यासाठी शुल्क नाही. माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज करता येतो आणि उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. तुमच्या अर्जाची स्थिती आणि मंजूर निधी या दोन्हींबद्दल विचारा. व्हिसाची मुदत जवळ असेल तर आधी तक्रार करा, माहिती अधिकाराची वाट पाहत बसू नका.

या योजनेचा अर्ज विनामूल्य आहे आणि तो फक्त मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरता येतो. 'निवड करून देतो' किंवा 'अडकलेले पत्र काढून देतो' असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर देऊ नका.